धुराची नाडी सापडलेला नर्न्स्ट

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला 'नर्न्स्टचे समीकरण' घोकले नाही असा डॉक्टर सापडायचा नाही. पेशीच्या आत आणि बाहेर क्षारांचे प्रमाण वेगळे असले की मधल्या पडद्यावर किती व्होल्टेज तयार होते, ते या समीकरणाने काढता येते. मीही ते पाठ केले, परीक्षा दिली आणि हा नर्न्स्ट कोण, हे विचारायचे राहूनच गेले.

मध्यंतरी अमरावतीचे एक हौशी गृहस्थ डोकेदुखी घेऊन आले. त्यांच्याकडे जुनी, दोन दारांची स्पोर्ट्स कार आहे. रविवारी बडनेरा-मूर्तिजापूर करत अकोल्याला चक्कर मारायची आणि एरवी बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून खटपट करायची, हा त्यांचा छंद. मेकॅनिकने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून फोडून रिकामा केलेला, ऑक्सिजन सेन्सरची वायर तोडलेली. डोकेदुखी कार्बन मोनॉक्साइडची होती. आणि तो सेन्सर चालतो नर्न्स्टच्याच समीकरणावर.

वाल्थर नर्न्स्टचा जन्म 1864 चा, तेव्हाच्या प्रशियातल्या ब्रीझेन गावचा. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. समीकरण मांडले तेव्हा तो पंचविशीत होता. पुढे ग्योटिंगेनला प्राध्यापक असताना, 1897 च्या सुमारास, त्याने एक दिवा बनवला. त्यात तारेऐवजी झिर्कोनियम आणि इट्रियमच्या ऑक्साइडची बारीक कांडी होती. गंमत अशी की थंड असताना ही कांडी वीज वाहूच देत नाही. आधी तापवावी लागते, मग ती उजळते. एईजी कंपनीने या शोधासाठी त्याला दहा लाख मार्क दिले. नंतर धातूच्या तारेचे दिवे आले आणि हा दिवा मागे पडला.

पैसा आला तशा मोटारी आल्या. ग्योटिंगेनमधल्या पहिल्या काही मोटारमालकांपैकी हा एक. चढावर गाडी दमते म्हणून त्याने इंजिनाला नायट्रस ऑक्साइड पाजले. तोच वायू जो आमचे भूलतज्ज्ञ वापरतात! 1905 मध्ये तो बर्लिनला गेला आणि पुढच्याच वर्षी उष्मागतिकीचा तिसरा नियम मांडला. 1920 चे रसायनशास्त्राचे नोबेल त्याला मिळाले.

पहिल्या महायुद्धात पन्नाशीचा नर्न्स्ट स्वतःची मोटार घेऊन आघाडीवर गेला. नाकाडोळ्यांना झोंबणाऱ्या पदार्थांचे तोफगोळे बनवण्यातही त्याचा हात होता. डॉक्टर म्हणून मला हे खटकते, आणि त्याच्या मोठेपणाने ते पुसले जात नाही. त्याचे दोन्ही मुलगे त्याच युद्धात गेले. दोन मुलींची लग्ने ज्यू घरांत झाली होती. हिटलर आल्यावर त्यांना देश सोडावा लागला. तोही 1933 मध्ये निवृत्त झाला आणि 1941 मध्ये आपल्या शेतवाडीवर वारला.

त्यानंतर पस्तीस वर्षांनी, 1976 मध्ये, बॉश कंपनीचा ऑक्सिजन सेन्सर व्होल्वो मोटारींत बसला. त्यात पदार्थ तोच, दिव्याच्या कांडीतला. एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला धूर. ऑक्सिजनच्या फरकाने व्होल्टेज निर्माण होते. धुरात ऑक्सिजन उरला नाही तर सुमारे 0.9 व्होल्ट, जास्त उरला तर 0.1. त्यावरून पेट्रोल कमी-जास्त होते. एक भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा, हे प्रमाण सांभाळले तरच कन्व्हर्टर आपले काम नीट करतो. सेन्सर म्हातारा झाला की पेट्रोल जास्त जाते, न जळलेला भाग कन्व्हर्टरमध्ये पेटतो आणि आतली चिनीमातीची जाळी वितळते. दिव्यासारखाच हाही तापल्याशिवाय जागा होत नाही. म्हणून कन्व्हर्टर शाबूत असला तरी बंद शेडमध्ये गाडी सुरू ठेवू नये. थंड इंजिनाचा धूर सर्वांत वाईट.

आमच्या गृहस्थांनी नवा सेन्सर बसवला आहे. कन्व्हर्टर महाग, तो अजून व्हायचा आहे. शेडचे शटर मात्र आता उघडे असते.