पानिपतापूर्वीचे विश्वासराव

कुणाचा शब्द खोटा ठरला की विश्वास पानिपतात गेला, असे म्हणण्याची आपल्या घरांतून जुनी रीत आहे. या कोटीने नानासाहेब पेशव्यांच्या थोरल्या चिरंजीवांचे नाव राखले खरे, परंतु त्यांचे आयुष्यही पानिपतापुरतेच करून टाकले. निदान आपण हैदराबादकरांनी तसे करू नये. पानिपतापूर्वीच्या त्यांच्या दोन्ही मोठ्या मोहिमा निजामावरच्या होत्या.

जन्म १७४२ चा. मी गाणे शिकवितो; पंधराव्या वर्षी मुलाचा आवाज फुटलेला असतो, षड्जही धड लागत नाही. त्याच वयात, १७५७ साली, विश्वासराव फौजेचे धनी म्हणून निजामावर निघाले. कारभार अर्थातच दत्ताजी शिंद्यांसारख्या जाणत्यांच्या हाती; मुलाने लढाई जिंकली म्हणणे भाबडेपणाचे होईल. सिंदखेडास कोंडला गेला तो रामचंद्र जाधव. कूळ जिजाबाईंच्या माहेरचे, पण चाकरी निजामाची, आणि त्याच्या सोडवणुकीस निजामअली धावून आला. ज्यांचे पूर्वज निजामाच्या पदरी होते, त्यांनी यात संकोचण्याचे कारण नाही. चाकरीची रीतच तशी होती. तहात पंचवीस लाखांचा मुलूख आणि नळदुर्ग पेशव्यांकडे आला.

पुढची मोहीम उदगीरची, फेब्रुवारी १७६० ची. भाऊसाहेबांबरोबर विश्वासराव होते, आणि तोफखाना इब्राहिमखान गारद्याचा. आपल्या शहरास या गारद्याची ओळख असावी. फ्रेंच सेनापती बुसी १७५६ मध्ये येथे चारमहालात ठाण मांडून बसला होता. त्याच्या कवायती पलटणींच्या तालमीत इब्राहिमखान तयार झाला. निजामाची चाकरी सुटल्यावर तो भाऊसाहेबांकडे आला आणि पानिपतावर अखेरपर्यंत हलला नाही. उदगीरला साठ लाखांचा मुलूख मिळाला, दौलताबादसारखा किल्ला मिळाला. या यशाची धुंदी उतरते न उतरते तोच परतूडच्या छावणीतून मार्च महिन्यात फौज उत्तरेकडे निघाली.

पानिपतची कथा वाचकांस ठाऊकच आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी दुपार कलल्यावर विश्वासरावांस गोळी लागली. वय अवघे अठरा. त्यांचे कलेवर हत्तीवर ठेविले, आणि ते पाहून भाऊसाहेबांचा धीर सुटला.

ते शव पुढे अफगाणांच्या हाती पडले. रूप असे, की शत्रूचे सैनिकही पाहावयास लोटले. त्यात पेंढा भरून काबूलला न्यावे, असा त्यांचा हट्ट होता. अब्दालीच्या बाजूने लढलेल्या अयोध्येच्या शुजाउद्दौल्याने रदबदली केली, म्हणून हिंदू रीतीने दहन झाले. हे सारे आपणांस कळते ते काशीराज पंडितामुळे. तोही दक्षिणी ब्राह्मण, शुजाच्या पदरचा; लढाई त्याने समोरच्या छावणीतून पाहिली आणि हकीगत लिहिली ती फारसीत.