वाय-फाय प्रिंटरचे चार रंग आणि त्र्यंबकचे फाळके

नवा वाय-फाय प्रिंटर जोडून झाला की तो शेवटी एक विचित्र कागद बाहेर काढतो. त्यावर काळ्या, निळ्या, गुलाबी, पिवळ्या रेघा, छोटे चौकोन आणि काही आकडे असतात. बहुतेक जण तो कागद चुरगळून टाकतात आणि ॲपमध्ये ‘नंतर करा’ दाबून मोकळे होतात. मग आठवड्याभरात तक्रार सुरू: फोटोत चेहऱ्याच्या कडेला लाल सावली येते, बारीक अक्षरं दुहेरी दिसतात, प्रिंटरच भंगार निघाला.

प्रिंटर भंगार नसतो. आपण फेकलेला कागद म्हणजे अलाइनमेंट पेज. सगळे रंग कागदावर एकाच जागी पडतायत का, हे तपासण्यासाठी तो असतो. हेच काम आपल्या नाशिक जिल्ह्यातला एक माणूस शंभरहून जास्त वर्षांपूर्वी हाताने करत होता. त्याचं नाव तुम्हाला पक्कं माहीत आहे, पण वेगळ्याच कारणासाठी.

आधी जोडणी उरकून घेऊ

समजा तुमचं घर सायखेड्यात आहे. सातबारा, शिष्यवृत्तीचा फॉर्म, भावाच्या लग्नाचे फोटो, सगळं फोनमध्ये आहे आणि दर वेळी झेरॉक्सच्या दुकानात जायचा कंटाळा आलाय. म्हणून प्रिंटर घेतला. आता पहिली अडचण: फोन वाय-फायवर आहे, पण ॲपला प्रिंटर सापडतच नाही. घरगुती वापराचे बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय ओळखतात. राउटरवर ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क वेगळ्या नावाने चालू असेल, तर प्रिंटर जोडताना २.४ वालं निवडा. गेस्ट नेटवर्कवर जोडू नका, कारण त्यावरची यंत्रं बहुतेक वेळा एकमेकांशी बोलू शकत नाहीत. स्क्रीन नसलेल्या प्रिंटरवर वाय-फायचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं आणि मग राउटरवरचं डब्ल्यूपीएसचं बटण दाबायचं. काही मॉडेलमध्ये हे सगळं ॲपमधूनच होतं. घरात राउटरच नसेल तरी वाय-फाय डायरेक्ट आहे. त्यात प्रिंटर स्वतःचंच छोटं नेटवर्क तयार करतो आणि फोन थेट त्याला जोडता येतो.

आणि हो, प्रिंटर वरच्या फळीवर ठेवा. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचं पाणी कुठपर्यंत आलं होतं, हे सायखेड्यात कोणाला सांगायला नको.

हीच गोदावरी सायखेड्याला पोचण्याआधी नाशिकमधून येते, आणि तिचा उगम त्र्यंबकला. तिथेच ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. हो, तेच दादासाहेब फाळके. सिनेमावाले. पण सिनेमाला हात लावला तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. त्याआधीची कितीतरी वर्षं या माणसाने कॅमेरा, शाई आणि छपाईत घालवली, आणि ती गोष्ट फार कमी सांगितली जाते.

एका फोटोचे तीन फोटो

वडील संस्कृतचे शास्त्री. मुंबईत विल्सन कॉलेजात शिकवायला गेले, त्यामुळे कुटुंबही मुंबईला आलं. धुंडिराजने १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला आणि पुढच्या वर्षी मोठ्या भावाबरोबर बडोद्याला गेला. तिथल्या कलाभवनात चित्रकला, मूर्तिकाम, फोटोग्राफी असं जे मिळेल ते शिकत राहिला. १८९० मध्ये स्वतःचा कॅमेरा घेतला. हा व्हिडिओचा नव्हे, साध्या फोटोचा. कलाभवनचे प्रमुख प्रा. गज्जर यांनी त्याच्यातली चिकाटी ओळखली आणि त्याला रतलामला तीन रंगांचे ब्लॉक बनवायला शिकण्यासाठी पाठवलं.

इथे जरा थांबू, कारण तुमच्या प्रिंटरचं गुपित हेच आहे.

त्या काळी रंगीत चित्र छापायचं तर बहुतेक वेळा प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागायचा. त्याला शिळाप्रेस म्हणायचे. एका चित्राला दहा-दहा, कधी त्याहून जास्त दगड. कोणता रंग कुठे येणार हे कारागीर डोळ्यांनी ठरवायचा आणि हाताने रेखाटायचा. तीन रंगांच्या पद्धतीने हे काम कॅमेऱ्याकडे दिलं. एकाच चित्राचे तीन फोटो काढायचे: एक लाल काचेतून, एक हिरव्या, एक निळ्या. लाल काचेतून काढलेल्या फोटोवरून निळसर शाईचा ब्लॉक बनतो, हिरव्यावरून गुलाबी शाईचा आणि निळ्यावरून पिवळ्या शाईचा. हा ब्लॉक म्हणजे धातूचा पत्रा, ज्यावर चित्र बारीक ठिपक्यांत कोरलेलं असतं. गडद भागात ठिपके मोठे, फिक्या भागात लहान. मग एकच कागद तीन वेळा यंत्रातून काढायचा. लांबून बघणाऱ्याचा डोळा ते ठिपके एकत्र करतो आणि त्याला आंब्याचा केशरी, पानाचा हिरवा, साडीचा जांभळा रंग दिसतो. यातल्या एकाही रंगाची शाई वापरलेली नसते!

आता तुमच्या प्रिंटरच्या टाक्या बघा. सायन, मॅजेंटा, यलो. निळसर, गुलाबी, पिवळा. शाई तीच तीन. चौथी काळी, कारण तीन शाया एकमेकींवर ओतल्या तर स्वच्छ काळा येत नाही, मळकट तपकिरी येतो. शिवाय नुसती अक्षरं छापायला तीन-तीन शाया खर्च करणं परवडत नाही. खात्री करायची असेल तर एखादी रंगीत प्रिंट घ्या आणि फोनचा कॅमेरा मॅक्रोवर टाकून जवळून बघा. ठिपके दिसतील.

पण या पद्धतीत एक मेख आहे. कागद दुसऱ्या फेरीत केसभर जरी सरकला, तरी ओठांचा लाल रंग गालावर जातो. तिन्ही ठसे अचूक एकमेकांवर बसवण्याला छापखान्यात रजिस्ट्रेशन म्हणतात. चांगला छपाईवाला आणि साधा छपाईवाला यांच्यातला फरक इथेच कळायचा. तुमच्या प्रिंटरमध्ये ब्लॉक नसतात. एक हेड डावी-उजवीकडे धावतं आणि त्याच्या बारीक छिद्रांतून शाई उडते. पण प्रत्येक रंगाच्या छिद्रांची रांग वेगळी असते, शिवाय हेड जाताना आणि येताना शाई थोडी वेगळ्या जागी पडते. कोणत्या क्षणी कोणतं छिद्र उडवायचं हे प्रिंटरला त्या रेघांवरूनच समजतं. म्हणून काही प्रिंटर तो कागद स्कॅनरच्या काचेवर ठेवायला सांगतात, तर काही सगळ्यात सरळ दिसणाऱ्या रेघेचा आकडा विचारतात.

गोध्रा, मग लोणावळा

शिकून झालं म्हणून पोट भरलं असं नाही. फाळक्यांनी गोध्र्यात फोटोग्राफीचा धंदा टाकला. तिथे प्लेगमध्ये पहिली पत्नी आणि मूल दोन्ही गेलं. ते बडोद्याला परतले आणि पुन्हा फोटोचं दुकान उघडलं, तर कॅमेरा माणसातली शक्ती ओढून घेतो अशी अफवा पसरलेली, गिऱ्हाईक येईना. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. जादूचे प्रयोग शिकले. १९०२ मध्ये दुसरं लग्न झालं, किर्लोस्कर नाटक मंडळीशी नातं असलेल्या घरातल्या गिरिजा करंदीकर यांच्याशी. लग्नानंतर त्या सरस्वतीबाई झाल्या. त्यांचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची नोकरी मिळाली. सरकारी नोकरी! आजही घरच्यांनी पेढे वाटले असते. ती त्यांनी १९०६ च्या सुमारास सोडली. स्वदेशीची चळवळ जोरात होती आणि त्यांना स्वतःचा छापखाना काढायचा होता. लोणावळ्यात त्यांनी तो काढलाही. राजा रविवर्म्यांच्या देवादिकांच्या चित्रांचा छापखाना जवळच मळवलीला होता, त्याच्यासाठी फाळके फोटोवरून शिळेवर चित्र उतरवून द्यायचं काम करत. आजी-आजोबांच्या देवघरात सरस्वती-लक्ष्मीची जुनी चित्रं असतील ना, ती या परंपरेतली.

पुढे छापखाना दादरला आला, नवे भागीदार आले, नाव पडलं लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स. १९०९ मध्ये फाळके रंगीत छपाईची यंत्रं आणायला थेट जर्मनीला गेले. आज आपण यूट्यूबवर दोन व्हिडिओ बघून प्रिंटर मागवतो. ते बोटीने समुद्र ओलांडून गेले, यंत्रं समजून घेतली आणि परत येऊन स्वतः चालवली. छपाईचा दर्जा वाढला, कामं वाढली. आणि नेमकं तेव्हाच भागीदारांशी पटेनासं झालं. फाळके बाहेर पडले. उभ्या केलेल्या छापखान्यातून काहीही न घेता. दुसऱ्या लोकांनी नवा छापखाना काढायला पैसे देऊ केले, तेही त्यांनी घेतले नाहीत.

हा निर्णय मला आजही पूर्ण कळत नाही. घरात बायको-मुलं, हातात कला, समोर भांडवल, आणि माणूस नाही म्हणतो. मानी स्वभाव म्हणा की हट्ट. त्याची किंमत घरच्यांनीही मोजली, हे विसरून चालणार नाही.

छिद्रं पाडणाऱ्या सरस्वतीबाई

याच रिकाम्या काळात गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट त्यांनी पाहिला आणि आपल्या देवांच्या कथा अशा पडद्यावर आणायच्या हे डोक्यात बसलं. मग रोज सिनेमे पाहणं, रात्री जागून प्रयोग करणं, झोप नाही. परिणाम असा की डोळ्यांनी दगा दिला. रंग जुळवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला काही काळ दिसेनासं झालं. डॉक्टरांच्या उपचाराने आणि चष्म्यांनी नजर परत आली, आणि ती आल्या आल्या त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण ठेवली. १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तिथे सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहिला, विल्यमसन कंपनीचा हाताने फिरवायचा कॅमेरा घेतला, कच्ची फिल्म आणि छिद्रं पाडायचं यंत्र मागवलं, आणि एप्रिलमध्ये परत.

छिद्रं पाडायचं यंत्र का? कारण तेव्हा कच्ची फिल्म कडेची छिद्रं न पाडताच मिळायची. त्या छिद्रांत दाते अडकूनच फिल्म कॅमेऱ्यात आणि प्रोजेक्टरमध्ये एकेक चौकट पुढे सरकते. छिद्र केसभर इकडेतिकडे पडलं, की पडद्यावरचं चित्र थरथरतं. म्हणजे पुन्हा तोच रतलामचा प्रश्न, फक्त कागदाऐवजी फिल्म. हे काम घरात अंधारात बसून सरस्वतीबाई करायच्या. फिल्म धुणं त्यांच्याकडे, चित्रीकरणात उजेड परतवायला पांढरी चादर धरून उन्हात उभं राहणं त्यांच्याकडे, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच.

पहिला प्रयोग मोठा मजेशीर. कुंडीत बी पेरलं आणि कॅमेरा एका जागी रोवून सुमारे महिनाभर रोपाची थोडी थोडी फिल्म घेतली. पडद्यावर मिनिटाभरात अंकूर फुटून वर आला. तुमच्या फोनमधलं टाइमलॅप्स ते हेच. ही छोटी फिल्म दाखवून त्यांनी पैसे उभे केले. तेही पुरले नाहीत, तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गेले.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला. त्यात बाई म्हणून काम करायला कोणी तयार नव्हतं, म्हणून तारामती झाले अण्णा साळुंके, एका उपाहारगृहात काम करणारा तरुण. रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. त्याच वर्षी फाळक्यांनी आपलं बिऱ्हाड आणि स्टुडिओ नाशिकला हलवला. ‘लंकादहन’, ‘श्रीकृष्ण जन्म’, मुलगी मंदाकिनीचा ‘कालिया मर्दन’, हे पुढचे सिनेमे तुम्ही ऐकून असाल. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली आणि तिथेही भागीदारांशी बिनसलं. फाळके रागाने काशीला निघून गेले आणि तिथे नाटक लिहिलं. नंतर परत आले. मग बोलपट आले आणि मूकपटाच्या माणसाची गरज कमी झाली. शेवटचा ‘गंगावतरण’ १९३७ चा, कोल्हापुरात केलेला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच त्यांचं निधन झालं.

आज पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. सायखेड्याहून नाशिकला गेलात तर बघून या. तिथे काढलेला फोटो घरी येऊन प्रिंट कराल, तेव्हा आधी ॲपमध्ये मेंटेनन्स नाहीतर टूल्समध्ये जाऊन अलाइनमेंट एकदा चालवा. काही मॉडेलमध्ये त्याला प्रिंट हेड अलाइनमेंट म्हणतात. साधा पांढरा ए-फोर कागद लावा, पाठकोरा नको. पाठीमागचं छापलेलं उमटून आलं तर स्कॅनर चुकतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं.