ताल ठरवून देणारा माणूस – व्हिक्टर सिल्व्हेस्टर



इंग्लंडात येऊन स्थायिक झालेल्या आपल्यापैकी बहुतेकांना बॉलरूम डान्सिंगची ओळख झाली ती बीबीसीच्या 'स्ट्रिक्टली कम डान्सिंग'मुळे. २००४ साली सुरू झालेला हा कार्यक्रम आपल्या घरांतही पोराटोरांसकट पाहिला जातो. त्यातला नाच आठवडाभर घोटून बसवलेला असतो. कुठल्या सुराला कुठलं वळण, सगळं आधीच ठरलेलं.

पण शंभर वर्षांपूर्वी इथल्या डान्स हॉलमध्ये जाणाऱ्या माणसाचं काय होत असेल? पुढचं गाणं कुठलं ते माहीत नाही, जोडीदारीण अनोळखी, आणि भोवती पन्नास जोडपी फिरतायत. अशा वेळी दोनच मार्ग असतात. एक तर कान उघडे ठेवायचे आणि संगीत नेईल तसं नाचायचं. नाहीतर पाठ केलेल्या स्टेप्स एकापुढे एक जोडत जायच्या. हा दुसरा मार्ग ज्या माणसाने घराघरांत पोचवला, त्या व्हिक्टर सिल्व्हेस्टरची ही गोष्ट.

व्हिक्टरचा जन्म २५ फेब्रुवारी १९०० चा, वेम्बलीचा. हो, तेच वेम्बली, जिथे ईलिंग रोडवर आपण भाजी आणि मसाले आणायला जातो! वडील तिथल्या चर्चमध्ये धर्मगुरू होते. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि हा मुलगा चौदाव्या वर्षी शाळेतून पळाला, वय खोटं सांगून सैन्यात भरती झाला. पुढे त्याचं खरं वय उघड झालं. मग तो इटलीच्या आघाडीवर ॲम्ब्युलन्स पथकात गेला, तिथे जखमी झाला आणि इटलीचं शौर्यपदक घेऊन परतला. इतर मुलं परीक्षा देतात त्या वयात त्याने युद्ध पाहून घेतलं होतं.

परत आल्यावर त्याला काम मिळालं ते मजेशीरच. लंडनच्या हॅरॉड्समध्ये दुपारी टी-डान्स होत. एकट्या आलेल्या बायकांबरोबर तिथे नाचायचं, हे त्याचं काम. रोज नवी जोडीदारीण, तिची उंची वेगळी, तिला येणारा नाच वेगळा. नाचासाठी दोन अनोळखी माणसांत काहीतरी समान भाषा लागते, हे त्याला इथेच कळलं असावं, असं आम्हाला वाटतं.

तेव्हाच्या लंडनमध्ये ही समान भाषा नव्हती. अमेरिकेतून जॅझ आलं होतं आणि जो तो मनाला येईल तसा नाचत होता. कोणी लाथा झाडतोय, कोणी मधेच गिरकी घेतोय. नृत्यशिक्षक हवालदिल झाले. 'डान्सिंग टाइम्स' मासिकाचे संपादक फिलिप रिचर्डसन यांनी १९२० मध्ये शिक्षकांची परिषद बोलावली आणि नाचाला शिस्त लावायचं ठरलं.

१९२२ मध्ये व्हिक्टरने फिलिस क्लार्कच्या साथीने बॉलरूमची पहिली जागतिक स्पर्धा जिंकली. गंमत पहा. त्या विजयात त्याच्या एका नव्या वळणाचा मोठा वाटा होता. स्लो वॉल्ट्झमध्ये उजवीकडे पूर्ण वळण घ्यायची 'नॅचरल टर्न' त्याने स्पर्धेत करून दाखवली. आज वॉल्ट्झच्या क्लासमध्ये अगदी सुरुवातीला शिकवतात ती हीच. आज जी पाठ करायची स्टेप आहे, ती त्या दिवशी कुणाचं तरी धाडस होती! त्याच वर्षी त्याचं डोरोथी न्यूटनशी लग्न झालं.

१९२४ मध्ये 'इम्पीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंग'ने बॉलरूमची शाखा काढली. तिच्या पहिल्या समितीवर सिल्व्हेस्टर होता. या मंडळींनी प्रत्येक नाचाचे तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्याला नाव दिलं, पाय कुठला, दिशा कुठली, वळण किती, मात्रा किती, सगळं लिहून काढलं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच समजतं. एकदा स्टँडर्ड ठरलं की एक भाग त्याला जुळणाऱ्या दुसऱ्या भागाला जोडता येतो. १९२७ मध्ये सिल्व्हेस्टरने 'मॉडर्न बॉलरूम डान्सिंग' हे पुस्तक लिहिलं आणि ते पुढे वर्षानुवर्षं खपत राहिलं. लाजाळू कारकून आणि दुकानात काम करणारी मुलगी आता न घाबरता एकत्र नाचू शकत होते. हे लहान काम नव्हे.

पण किंमतही मोजावी लागली. टँगोचंच पहा. ब्युनॉस आयर्समध्ये टँगो नाचणारा प्रत्येक पाऊल त्या क्षणी ठरवतो. बासरीसारखा लांब स्वर आला तर थांबतो, ठेका धरला तर चालू लागतो. लंडनच्या टँगोत मात्र आखलेल्या स्टेप्सची यादी झाली.

सिल्व्हेस्टरला आणखी एक अडचण दिसली. बाजारातल्या रेकॉर्ड ऐकायला छान, पण त्यांची लय नाचाला सोयीची नसे. म्हणून १९३५ मध्ये त्याने स्वतःचा ऑर्केस्ट्रा काढला. सोसायटीने प्रत्येक नाचाला ठरवून दिलेली लय त्याने काटेकोर पाळली. मधेच वेग वाढवणं नाही, गायकासाठी रेंगाळणं नाही. याला 'स्ट्रिक्ट टेम्पो' म्हणतात. आजही स्पर्धेतल्या वॉल्ट्झला मिनिटाला २८ ते ३० आवर्तनं असा नियम आहे.

इथे आम्ही थोडे थबकतो. एरवी पायांनी संगीताच्या मागे जायचं असतं, इथे संगीतच पायांच्या मागे आलं. प्रत्येक वॉल्ट्झ एकाच वेगाचा असेल तर नाचणाऱ्याने मन लावून ऐकायचं कशाला? नुसतं मोजलं तरी भागतं. स्लो, स्लो, क्विक-क्विक, स्लो हा मंत्र तर सिल्व्हेस्टरच्या नावाशी कायमचा चिकटला. जॅझचे शौकीन त्याच्या बँडला नाकं मुरडायचे ते यामुळेच.

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, रेडिओवर त्याचा 'बीबीसी डान्सिंग क्लब' सुरू झाला. तो स्टेप्स सावकाश सांगे आणि लोक घरी बसून लिहून घेत. मग १९४२ पासून अमेरिकन सैनिक आले आणि येताना जिटरबग घेऊन आले. त्याचं मूळ न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या कृष्णवर्णीयांच्या नाचात, सॅव्हॉय बॉलरूममध्ये. जोडीने हात सोडायचे, बँडमधला ट्रम्पेट काय म्हणतोय त्यावर आपापलं काहीतरी सुचवायचं आणि पुन्हा हात धरायचे. काही हॉलवाल्यांनी त्यावर चक्क बंदी घातली.

सिल्व्हेस्टरने बंदीची भाषा केली नाही. त्याने जाइव्हसाठी वेगळा बँड उभा करून रेकॉर्ड काढल्या आणि १९४४ मध्ये या नाचावर पुस्तक लिहिलं. म्हणजे जे उत्स्फूर्त होतं, त्यालाही त्याने क्रमांक घातले! त्यात काही सांडलं हे खरं, पण त्यामुळे जाइव्ह साध्या लोकांपर्यंत पोचला हेही खरं. आज गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नांतसुद्धा वॉल्ट्झबरोबर जाइव्ह हमखास असतो.

१९४८ ते १९६४ तो टीव्हीवर होता. बीबीसीच्या परदेशी प्रसारणातून देशोदेशीचे श्रोते त्याला फर्माइशी पाठवत. त्याच्या रेकॉर्डचा एकूण खप साडेसात कोटींच्या घरात सांगतात. १४ ऑगस्ट १९७८ रोजी दक्षिण फ्रान्समध्ये सुट्टीवर असताना त्याचं निधन झालं.

मग बरोबर कोण? आम्हाला वाटतं, पाठ स्टेप्स म्हणजे शब्द. शब्दांशिवाय बोलता येत नाही. पण नुसतं पाठ केलेलं भाषण म्हणजे गप्पा नव्हेत. आपल्याकडे बंदिश सगळ्यांची एकच असते, पण गवई तिच्यात रोज नवं काही शोधतो. भरलेल्या फ्लोअरवर तुमचा ठरलेला क्रम समोरचं जोडपं दोन मिनिटांत मोडून टाकतं, आणि मग ऐकावंच लागतं, जोडीदाराचं आणि संगीताचंही. सिल्व्हेस्टरने लाखो लोकांना शब्द दिले. वाक्य ज्याचं त्याने रचायचं.

आणि एक गोष्ट. त्याच्या ऑर्केस्ट्रात पियानो दोन असत. एक सरळ चाल वाजवायचा आणि दुसरा तिच्याभोवती त्या क्षणी सुचेल ते. इतक्या शिस्तीच्या माणसाने आपल्या बँडमध्ये एक जागा मोकळी ठेवली होती. त्याची एखादी जुनी रेकॉर्डिंग मिळाली तर जरूर लावा, आणि पाय मोजायला लागण्याआधी त्या दुसऱ्या पियानोकडे कान द्या!