वंदे मातरम् बँडवर वाजत नाही म्हणाले, मास्टर कृष्णरावांनी वाजवून दाखवलं

राष्ट्रगीत कुठलं असावं, हा वाद एकेकाळी बँडवर येऊन अडला होता.

झालं असं, १९४७ साली न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सभेत वाद्यवृंदाने जन गण मन वाजवलं आणि ते लोकांना भावलं. ऑगस्ट १९४८ मध्ये नेहरूंनी संविधान सभेत मत मांडलं की वंदे मातरम् थोर आहेच, पण त्याची चाल वाद्यवृंदाला अवघड जाते.

हे मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांना पटणारं नव्हतं. जन्म आळंदीचा, १८९८ चा. गुरू भास्करबुवा बखले. प्रभातच्या 'माणूस' आणि 'शेजारी'चं संगीत त्यांचंच. इंग्रजांच्या काळात मुंबई रेडिओवर वंदे मातरम् गाऊ दिलं नाही, म्हणून त्यांनी रेडिओवरच बहिष्कार टाकला होता.

तसं बघितलं तर अडचण खोटी नव्हती. नद्या, पिकं, वारा, चांदणं असं देशाचं रूप सांगणारं हे गाणं गवई मींड घेत, आळवून गायचे. बँडला मात्र ठरलेले सूर लागतात, पावलं टाकता येतील असा ठेका लागतो. कृष्णरावांनी झिंझोटी रागात सुटसुटीत चाल बांधली, ती बँडवर बसवून घेतली आणि थेट दिल्ली गाठून संविधान सभेच्या सदस्यांना ऐकवली.

२४ जानेवारी १९५० ला, पहिल्या प्रजासत्ताक दिनाच्या दोन दिवस आधी, निर्णय आला. राष्ट्रगीत जन गण मन, वंदे मातरम्‌ला बरोबरीचा मान.

मास्टर कृष्णराव १९७४ साली गेले.