पन्नास रुपयांचा कारकून

दिल्लीत नवीन आलेला मराठी मुलगा नोकरी शोधत फिरतो तेव्हा हल्ली गुडगाव-नोएडाकडची मोठी हॉटेलेही त्याच्या यादीत असतात. आपल्या मंडळातल्याच काही घरांतली मुले-मुली हॉटेल मॅनेजमेंट करून फ्रंट ऑफिसला किंवा हाउसकीपिंगला लागली आहेत. रात्रपाळी, सणासुदीला सुट्टी नाही, दिवसभर उभे राहायचे. आईवडिलांना वाटते, यात पोराचे पुढे काय होणार? त्या सर्वांसाठी यंदा मोहनसिंग ओबेरॉय यांची कहाणी सांगावीशी वाटली. माणूस पंजाबचा, पण कर्मभूमी आपली दिल्ली.

१५ ऑगस्ट १८९८ रोजी झेलम जिल्ह्यातल्या भौन या खेड्यात त्यांचा जन्म झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. मूल सहा महिन्यांचे असतानाच वडील गेले, आईने वाढवले. रावळपिंडी आणि लाहोरला शिक्षण झाले, पण पैशांअभावी ते अर्धवट राहिले. मग टायपिंग आणि लघुलेखन शिकले, काही काळ चुलत्यांच्या ओळखीने लाहोरच्या एका जोड्यांच्या कारखान्यात काम केले. तो कारखानाही बंद पडला. लग्न झालेले, हाती काम नाही आणि गावात प्लेगची साथ. अशा वेळी सिमल्याला सरकारी कारकुनाची जागा निघाल्याचे वाचून, आईने दिलेले २५ रुपये घेऊन ते निघाले. परीक्षेत नापास झाले.

इथे गोष्ट संपलीच असती. पण परत जायला तोंड नव्हते म्हणा किंवा नशीब म्हणा, सिमल्यातल्या नामांकित सेसिल हॉटेलात जाऊन त्यांनी काम मागितले. १९२२ साली महिना सुमारे पन्नास रुपयांवर कारकुनी मिळाली. टायपिंग येत होते, ते उपयोगी पडले. पंडित मोतीलाल नेहरू तिथे उतरत असत. त्यांचा एक तातडीचा मजकूर या तरुणाने रात्रभर जागून टाइप करून दिला आणि शंभर रुपयांची बक्षिसी मिळाली, असे सांगतात. दोन महिन्यांचा पगार एका रात्रीत!

तिथले वरिष्ठ क्लार्क साहेब पुढे सेसिल सोडून स्वतःच्या धंद्यात पडले. जाताना त्यांनी या कारकुनाला बरोबर घेतले. सिमल्यात क्लार्क्स हॉटेल सुरू झाले, तेव्हा हिशेब, खरेदी, खोल्या, स्वयंपाकघर सगळे ओबेरॉय पाहत आणि पत्नी इशरानदेवींची साथ होती. १९३४ मध्ये क्लार्क यांनी विलायतेला परतायचे ठरवले. हॉटेल विकत घ्यायला ओबेरॉय यांच्याकडे पैसा कुठला? पत्नीचे दागिने आणि होते नव्हते ते गहाण टाकून त्यांनी व्यवहार केला. घरच्या बाईने त्या दिवशी नकार दिला असता तर पुढचे काहीच घडले नसते. चरित्रांत या गोष्टीला एकच ओळ मिळते, हे मला नेहमी खटकते.

पुढचा डाव त्याहून धाडसाचा. कलकत्त्याचे पाचशे खोल्यांचे ग्रँड हॉटेल रोगाच्या साथीमुळे बदनाम होऊन बंद पडले होते. १९३८ मध्ये ओबेरॉय यांनी ते भाड्याने चालवायला घेतले. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले आणि कलकत्ता गोऱ्या सैनिकांनी भरून गेले. ग्रँडमध्येही लष्कराची सोय झाली. कष्टाबरोबर काळानेही हात दिला, हे मान्य करायलाच हवे. पण साथीने बदनाम झालेल्या वास्तूत पाय ठेवायची हिंमत दुसऱ्या कोणी दाखवली नव्हती.

१९४३ मध्ये त्यांनी असोसिएटेड हॉटेल्स ऑफ इंडिया ही कंपनी ताब्यात घेतली. तिच्या मालकीत दिल्लीचे मेडन्स होते आणि सिमल्याचे सेसिलही! जिथे एकवीस वर्षांपूर्वी काम मागायला उभे राहिले होते, त्याच हॉटेलचे ते मालक झाले. लाहोर, रावळपिंडी, पेशावर, मरी इथलीही हॉटेले याच कंपनीची होती. फाळणीत ती सीमेपलीकडे राहिली आणि पुढे हातची गेली.

दिल्लीकरांना त्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते १९६५ मध्ये. गोल्फ कोर्सलगत ओबेरॉय इंटरकॉन्टिनेंटल उभे राहिले, राजधानीतले आधुनिक पद्धतीचे आलिशान हॉटेल. १९६६ मध्ये त्यांनी हॉटेल व्यवसायाचे शिक्षण देणारी संस्था काढली. स्वतःला जे चुकतमाकत शिकावे लागले ते नव्या मुलांना रीतसर शिकता यावे म्हणून, असे मला वाटते. १९७३ मध्ये मुंबईत नरिमन पॉइंटला पस्तीस मजली ओबेरॉय शेरेटन झाले. ते दोनदा राज्यसभेवर आणि मधल्या काळात लोकसभेवरही होते. २००१ मध्ये पद्मभूषण मिळाले. ३ मे २००२ रोजी, वयाच्या १०३ व्या वर्षी, दिल्लीतच त्यांचे निधन झाले.

मेडन्सची वास्तू १९०३ पासून उभी आहे. विसर्जनानंतर एखाद्या रविवारी सिव्हिल लाइन्स मेट्रो स्टेशनला उतरून ती बाहेरून तरी पाहून यावी. मुलांना बरोबर न्यावे.