साईबाबांनाही दमा होता! मग उतारवयात दम्याचं औषध कमी का लागू पडतं?

आज शिर्डीचं विमानतळ कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावात आहे. शंभर वर्षांपूर्वी मात्र भक्त रेल्वेने कोपरगावला उतरायचे आणि गोदावरी ओलांडून टांग्याने शिर्डी गाठायचे. तेव्हा शिर्डीही कोपरगाव तालुक्यातच होती.

तिथल्या पडक्या मशिदीत राहणारे साईबाबा सुरुवातीला गावात औषध देणारे हकीम म्हणून ओळखले जायचे. पुढे औषध थांबलं आणि धुनीतली उदी देणं सुरू झालं. पण दुसऱ्यांची दुखणी पाहणाऱ्या बाबांना स्वतःला दम्याचा त्रास होता.

हेमाडपंतांच्या 'श्रीसाईसच्चरिता'त १८८६ सालची हकीकत आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेला दमा असह्य झाला. तीन दिवस देह सांभाळा, असं म्हाळसापतींना सांगून बाबांनी समाधी लावली. श्वास थांबलेला पाहून लोक दफनाची तयारी करू लागले, पण म्हाळसापती हटले नाहीत. तिसऱ्या दिवशी बाबा शुद्धीवर आले, असं पोथी सांगते.

त्यानंतर ते ३२ वर्षं जगले. २८ सप्टेंबर १९१८ ला ताप आला. तो दोन-तीन दिवसांत उतरला, पण अन्न सुटलं, अशक्तपणा वाढत गेला आणि १५ ऑक्टोबरला, विजयादशमीला बाबांनी देह ठेवला.

त्या काळी दम्यावर अडुळशाचा काढा किंवा धोतऱ्याच्या पानांचा धूर असे उपाय होते. खिशात मावणारा पंप आला थेट १९५६ मध्ये.

आज पंप घरोघरी आहे, तरी आजी-आजोबांची धाप लवकर का थांबत नाही? वयानुसार छातीचा पिंजरा ताठर होतो, श्वासाचा जोर घटतो आणि पावडरचं औषध खोल ओढलं जात नाही. बोटांत ताकद नसली की पंप नीट दाबता येत नाही. सालब्युटामॉलसारख्या औषधाला श्वासनलिका तरुणपणाइतका प्रतिसाद देत नाही आणि छातीत धडधड होऊ शकते. थिओफायलिन शरीरातून हळू बाहेर पडतं, त्यामुळे नेहमीचा डोसही जड जाऊ शकतो. धोतऱ्यातल्या द्रव्याच्या जातीची औषधं उपयोगी पडतात, पण प्रोस्टेट असलेल्यांची लघवी अडू शकते.

म्हणून डोस मनानं वाढवू नका. पंपाला स्पेसर लावता येतो. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना पंप सोबत न्या आणि आजोबा तो कसा घेतात, ते त्यांच्यासमोर करून दाखवा. म्हाळसापतींसारखं कुणीतरी जवळ बसलेलं असणं, ही आजही अर्धी लढाई आहे.