स्वाध्यायी संशोधक पर्सी स्पेन्सर

अमेरिकेच्या मेन राज्यातील हाऊलंड या गावी १८९४ साली पर्सी स्पेन्सर यांचा जन्म झाला. ते दीड वर्षांचे असताना वडील वारले, आई दुरावली; नातेवाइकांनी त्यांना वाढविले. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि दोऱ्याची रिळे बनविणारा कारखाना नशिबी आला. १९१२ साली ते आरमारात दाखल झाले. तेथे बिनतारी संदेशवहन शिकताना, रात्रीच्या पहाऱ्यावर जागून त्यांनी त्रिकोणमिती, कलनशास्त्र आणि पदार्थविज्ञान स्वतःच आत्मसात केले.

पुढे ते रेथिऑन कंपनीत रुजू झाले. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी सूक्ष्मलहरी निर्माण करणाऱ्या मॅग्नेट्रॉन नळ्यांचे उत्पादन त्यांनी दिवसाला १७ वरून २,६०० वर नेले. १९४५ साली चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभे असता त्यांच्या खिशातील गोड वडी वितळली. त्यांनी मक्याचे दाणे जवळ धरून पाहिले, लाह्या फुटल्या. त्याच वर्षी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला.

यामागील शास्त्र समजण्याजोगे आहे. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धनभारित, तर दुसरी ऋणभारित असते. आजच्या घरगुती मायक्रोवेव्ह भट्टीतील लहरींचे विद्युतक्षेत्र सेकंदाला सुमारे २४५ कोटी आवर्तने करते. त्याच्या दिशेला अनुसरून वळताना रेणू शेजारच्या रेणूंना धक्के देतात. हीच हालचाल उष्णता होते. लहरी अन्नात काही सेंटिमीटरच शिरतात, त्यापुढील भाग आतल्या आत पसरणाऱ्या उष्णतेने तापतो. काच व चिनी माती यांतून लहरी आरपार जातात; धातू त्यांना परतवितो, म्हणून भट्टीची पेटी धातूची असते. १९४७ सालची पहिली भट्टी माणसाएवढी उंच आणि सुमारे ३४० किलो वजनाची होती.

स्पेन्सर १९७० साली निवर्तले. त्यांच्या शोधाला योगायोग म्हणण्याची प्रथा आहे. आम्हांस ते पटत नाही. वडी वितळणे हा योगायोग. ती का वितळली असे विचारून लगेच प्रयोग करणे हे अनेक वर्षांच्या अभ्यासाचे फळ होय. त्यांचे उदाहरण देऊन शाळेवाचून काही अडत नाही असे सांगणेही आम्ही अनुचित मानतो. बारा वर्षांच्या मुलाची शाळा सुटणे ही समाजाची उणीव होती. तिची भरपाई त्याने आपल्या झोपेतून केली. ते ज्ञान आपल्या मुलामुलींना दिवसाउजेडी, शिक्षकांच्या सहवासात मिळावे, याचसाठी निवासी शाळा उभ्या राहतात.